नितळवरची फुली

निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी माझी नऊ वर्षांची मुलगी समानार्थी शब्द लिहीत होती. ‘स्वच्छ’पुढे तिनं ‘नितळ’ लिहिलं. शिकवणीच्या बाईंनी त्यावर लाल फुली मारली.

“हे चूक कसं?” मी विचारलं.

“उत्तरसूचीत ‘निर्मळ’ आहे,” त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. आजोळच्या ओढ्यात तळाचे गोटे दिसले, तेव्हा हीच पोरगी ओरडली होती, “आई, पाणी बघ किती नितळ!” तो शब्द तिला त्या पाण्यानं दिला होता. आणि तो चूक?

घरी तिनं वही पुढे केली. “आई, मग काय लिहू?”

मी अजून धुमसतच होते. तरी म्हटलं, “निर्मळच लिही.”

तिनं ‘नितळ’ खोडलं. बाईंवरचा राग केव्हाच गेला. स्वतःवरचा मात्र अजून जात नाही.