साडूंचं अळणी घर

बाळापूरपासून वसमतपर्यंत शोधलं तरी ज्या घरात मिठाचा खडा सापडणार नाही असं एकच घर आहे, आणि त्याच घरी मी पिशवीभर खारी शेव घेऊन गेलो. घर माझ्या साडूंचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "फळं घ्या." पण हिंगोलीच्या स्टँडसमोर कढईतून ताजी शेव निघत होती आणि माझा हात डोक्याला न विचारता खिशात गेला. साडूंनी पिशवीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि साप उचलतात तशी ती पिशवी काठीवर टांगून शेजारच्या ओट्यावर नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाले, "या साहेब. पाणी घ्या. पाण्यात काई न्हाई आमच्या." मी कचेरीत साधा कारकून आहे. मला साहेब फक्त साडू म्हणतात, आणि तेही मी काहीतरी चुकल्यावरच.

इतका टोकाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एखादी गोष्ट अर्धी करणं त्यांच्या रक्तातच नाही. हळद पिकवतात, तर अंगाखांद्यावर बारा महिने पिवळी छटा. हळकुंड कानाशी नेऊन मोडतात आणि आवाजावरून सांगतात की माल वाळला की अजून ओला. एका लग्नात नवरदेवाला लावायची हळद त्यांनी बोटानं चाटून पाहिली, "ह्यात पीठ हाय" म्हणून जाहीर केलं आणि घरून आपली हळद येईपर्यंत नवरदेवाला नुसत्या बनियनवर पाटावर बसवून ठेवलं. थंडीचे दिवस होते. नवरदेव अजून त्यांना रस्त्यात ओळख देत नाही.

अशा माणसाच्या धाकट्या लेकीला, कार्तिकीला, गेल्या वर्षी मूत्रपिंडाचं दुखणं लागलं. पोरगी दुसरीत. सकाळी उठली की डोळे सुजलेले. गांधीलमाशी चावली असेल म्हणून चुना लावून झाला. मग पाय सुजले, पोट सुजलं, तेव्हा नांदेड गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की लघवीवाटे अंगातलं प्रथिन वाहून चाललंय, म्हणून ही सूज. स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतील, आधी रोज, मग दिवसाआड, मग हळूहळू कमी करत. गाल फुगतील, भूक वाढेल, लेकरू चिडेल, गोळ्या उतरल्या की तेही उतरेल. पण आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही. गावात मात्र 'ष्टिराइड' म्हणजे पहिलवानाची गोळी. पारावर एकानं काळजीनं सांगितलं, पोरीला मिशा येतील. साडू म्हणाले, "आल्या तर बापावर गेली म्हना."

डॉक्टरीणबाई आणखी एक बोलल्या होत्या, सूज आहे तोवर मीठ कमी ठेवा, लोणचं-पापड नको. कमी हा शब्द साडूंच्या कोशात नाही. घरी येताच त्यांनी मिठाची बरणी उकिरड्यावर रिकामी केली. लेकरानं अळणी खायचं आणि बापानं ठेचा वरपायचा, हे त्यांना पटेना. तेव्हापासून सारं घर अळणी. लग्नाच्या पंगतीत हा माणूस आधी आचाऱ्याला गाठतो आणि मीठ पडायच्या आत दोन वाट्या वरण बाजूला काढायला लावतो, एक लेकीची, एक आपली. त्यांची आई, म्हणजे घरची म्हातारी, पान-तंबाखूच्या चंचीत चिमूटभर मीठ लपवून ठेवते हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. साडू घराबाहेर गेले की तिचं जेवण सुरू व्हायचं.

आणि ती रोजची पट्टी. लघवीत बुडवायची कागदी पट्टी मिळते. पिवळी राहिली तर प्रथिन जात नाही, हिरवी झाली तर जातंय. ज्यानं जन्मभर पिवळा रंग पारखला त्याच्या हाती हे काम आलं, मग काय विचारता. पट्टी घेऊन साडू अंगणात उन्हात उभे राहायचे, शेजारी हळकुंड धरून ताडून बघायचे. गल्लीत चुळा भरणारे लोक विचारायचे, "आज काय भाव?" साडू गरजायचे, "पिवळी!" मग मला फोन. "पिवळी," एवढंच बोलून ठेवून द्यायचे. मी दात घासता घासता "बरं" म्हणेपर्यंत पलीकडे कोणी नसायचं. माझा दिवस त्या एका शब्दानं सुरू व्हायचा, आणि तो तसा सुरू होतो हे मला तो शब्द थांबेपर्यंत कळलं नव्हतं.

तर शेवेच्या त्या दिवशी कार्तिकी शाळेतून आली. कित्येक महिन्यांनी पाहत होतो. गाल असे गोल की डोळे मधे दडलेले. गाल गोळ्यांचे आहेत हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी म्हणालो, "अरे वा, गालात लाडू लपवले का गं? बघू." शेवेची चूक विनोदानं झाकायची होती, दुसरं काही नाही. तिचा फोटो काढला आणि परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचं टरबूज'. हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. पुण्याच्या आतेभावानं लिहिलं, टरबूज काय किलो. मी कळमनुरी येईपर्यंत मिशीत हसत होतो.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी फोन आला नाही. दात घासून झाले, चहा झाला, फोन गप्पच. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी बायकोनं बहिणीला लावला. नुसतं "हं, हं" करत ऐकत राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. फोटो कार्तिकीनं आईच्या मोबाइलवर पाहिला होता. प्रत्येक हसरं तोंड बोटानं वर सरकवून पाहिलं होतं. गोळ्यांनी गाल फुगतात हे तिला सांगितलेलंच होतं. मग ती गोळी तोंडात घ्यायची, बापाला रिकामा हात दाखवायची आणि गोठ्यामागं जाऊन थुंकायची. पट्टी हिरवी झाली तेव्हा साडूंनी आधी पट्टीलाच शिव्या दिल्या, दुसरी बुडवली, मग तिसरी. डोळे पुन्हा सुजले होते. नांदेडला नेलं, पुन्हा रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे गाल आणखी फुगणार. आणि पोरगी आता गोळीला तोंडच उघडत नव्हती.

"चला," बायको म्हणाली.  बसमध्ये मी खिडकीपाशी बसलो नाही.

साडू दारातच उभे होते. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "या." साहेब म्हणाले नाहीत. आत कार्तिकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर टेकलो.

"काका, गाल जातील का?" तिनं भिंतीलाच विचारलं.

"जातील. गोळ्या कमी झाल्या की जातील. बाईंनी सांगितलंय ना."

"तुमाला ठाव होतं?"

"व्हय."

"मंग फोटो काहून टाकला?"

कचेरीत मी मोठमोठ्या साहेबांना लेखी खुलासे लिहून देतो. इथं खुलासा चालणार नव्हता. तो फोटो मी आता ग्रुपवरून काढला होता, पण पुण्यापर्यंत गेलेलं हसू काही परत घेता येत नाही. "चुकलं माझं," एवढं म्हणालो. तिनं वळून पाहिलं. माझा चेहराही तिला फारसा बरा वाटला नसावा. "मंग तुमी बी अळणी खा," ती म्हणाली.

अक्कानं, म्हणजे बायकोच्या बहिणीनं, भाकर आणि पिठलं वाढलं. पहिला घास तोंडात फिरत राहिला. कार्तिकी माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. साडूही बघत होते. मी भाकर संपवली, वरून आणखी अर्धी मागितली. तेव्हा तिनं हात पुढं केला, बापाकडून गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली.

एवढ्यात म्हातारी उठली. कमरेची चंची सोडली, त्यातलं मीठ मुठीत घेतलं, मोहरी घेतली आणि सगळ्यांच्या देखत कार्तिकीवरून उतरवू लागली. "आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची, पाव्हण्या..." इथं ती थांबली. माझ्याकडं पाहून "रावळ्याची" हळूच म्हणाली.  अळणी घरात मिठाची मूठ निघाली होती. आता साडू काठी घेणार, असं मला वाटलं. पण साडू दाराकडं तोंड करून उभे राहिले, आढ्याकडं बघत म्हणाले, "चुलीत टाक माय. जिमिनीवर सांडू नको." त्यांचा आवाज हळकुंडासारखा मोडला. वाळलेल्या नाही, ओल्या. मीठ चुलीत तडतडलं तेव्हा म्हातारीनं समाधानानं मान हलवली. दृष्ट लागलेली होतीच, आणि कुणाची, ते विचारायची कुणाला गरज नव्हती.

त्यानंतर कित्येक सकाळी फोन वाजला नाही. मी आपला ब्रश तोंडात धरून उभा. मग एकदा वाजला. "पिवळी," साडू म्हणाले, आणि या खेपेला फोन लगेच ठेवला नाही.  मी "बरं" म्हणालो, ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, दात घासा."

त्याच दुपारी ग्रुपवर फोटो आला. अक्काच्या नंबरवरून, पण पाठवणारी कार्तिकी. अंगणात उभी, गाल पूर्वीपेक्षा गोल, हातात ती कागदी पट्टी. फोटो साडूंनी काढलेला, कारण एका कोपऱ्यात त्यांचा पिवळा अंगठा आला होता. खाली काही लिहिलेलं नव्हतं. या वेळी हसरं तोंड एकही आलं नाही. मी काहीतरी छान लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. बायको मागं येऊन उभी राहिली होती.

"काई लिहू नका," ती म्हणाली. "तिनं बघायला पाठवलाय. बघा."