न केलेली फेरी

भोकर आणि उमरी यांच्या मधे आमचा डोंगर आहे. फार उंच नाही, पण तीन गावांचं पाणी त्याच्यावरून येतं. पूर्वी पाऊस चार-चार दिवस झिमझिमत राहायचा आणि डोंगर तो पिऊन घ्यायचा. आता तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळतो आणि उतारावरची माती घेऊन खाली येतो. एकट्या गावानं काही करून भागणार नव्हतं, म्हणून तिन्ही गावं एकत्र बसली. ओघळींवर दगड रचून बांध घातले. त्यांची राखणही वाटून घेतली. माथ्यावरचे बांध आमच्याकडे आले, मधले शेजारच्या गावाकडे, पायथ्याचे तिसऱ्या गावाकडे, म्हणजे खालच्या वाडीकडे. मोठा पाऊस झाला की ज्यानं त्यानं आपल्या टप्प्यावर फेरी मारायची आणि गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एकाच वहीत नोंद करायची. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. आमची फेरी आणि वही दोन्ही माझ्याकडे आली.

बिघाड नसेल तर काय लिहायचं, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘निरंक’ लिहा. शाळेच्या तक्त्यांमध्ये जन्मभर तोच शब्द भरत आलो होतो. लोकांना तो आवडला. बाजारात भेटले की वाडीतले लोक मला हसून विचारायचे, “काय गुरुजी, वर निरंक हाय ना?” मी हो म्हटलं की ते निर्धास्त घरी जायचे. शाळेत तो शब्द खोटा पडला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथे तसं नव्हतं, हे मला समजायला हवं होतं.

एका पावसाळ्यात मी दोन गुरुवार वर न जाताच निरंक लिहिलं. गुडघे दुखत होते असं मी पुढे स्वतःलाच सांगत राहिलो. ते खोटं आहे. कंटाळा आला होता, एवढंच.

मग एका बुधवारी सकाळी वाडीतला एक शेतकरी माझ्या फाटकाशी आला. बौद्ध घरातला, चाळिशीचा, कधीकाळी माझ्याच वर्गात बसलेला. ओढ्याला गढूळ पाणी येतंय, म्हणजे वर काहीतरी ढासळलंय, असं त्याचं म्हणणं होतं. “गुरुजी, माथ्याचा बांध ढिला होऊन राह्यला वाटतं. एकदा बघून या.” मी त्याला आत बोलावलं नाही. बघतो म्हणालो. तो गेल्यावर मनात आलं, आमच्या टप्प्यातलं यानं पायथ्याहून सांगावं काय. दुसऱ्या दिवशी बाजारात वही उघडली आणि तिसऱ्यांदा तोच शब्द लिहिला.

शनिवारी दुपारी पाऊस आला. माथ्याचा बांध फुटला, त्याच्या लोंढ्यानं मधले दोन नेले. सगळा मुरूम वाडीत उतरला. त्या शेतकऱ्याची तूर गाडली गेली आणि विहीर कठड्यापर्यंत चिखलानं भरली.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी वही मागितली. गुरुवारी बांध शाबूत, मग शनिवारी फुटला कसा, असं त्यांनी विचारलं. आमच्याच गावातला एक जण म्हणाला, “वाडीवाल्यांनी दगड उचलले असतील. घरं बांधून राह्यले ना ते.” त्या शेतकऱ्याच्या घराचा पाया खरंच चालू होता. दगड खाणीवरून आणलेले होते, हे मला माहीत होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “गुरुजी, तुमचं काय म्हणणं?”

“वहीत आहे तेच,” मी म्हणालो.

तो शेतकरी समोरच उभा होता. मला ठाऊक होतं की वाडीवरचा तो आरोप आमच्या गावात कुणालाही जड जाणार नाही. त्याच आधारावर मी गप्प बसलो. ही गोष्ट सगळ्यात वाईट आहे आणि ती लिहायला मला इतकी वर्षं लागली.

वाडीनं फेरी सोडली. चोर म्हणवून घ्यायला वर कशाला जायचं, असं ते म्हणाले. मग मधल्या गावानंही सोडली. मी मुलाकडे लातूरला राहायला आलो. दर पावसाळ्यात गावाकडून कळायचं, अजून एक बांध गेला.

या वर्षी गावी गेलो आणि आधी वाडीत गेलो. त्या शेतकऱ्यानं बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “मला म्हाईत हाय गुरुजी. शुक्रवारी मी सोता वर गेलतो. चिखलात कुणाचंच पाऊल न्हवतं.”

तेव्हा का बोलला नाहीस, असं मी विचारलं.

“बोललो असतो तर म्हणले असते, हा वर गेलता कशाला. दगडं आणायलाच ना?” मग म्हणाला, “मला सांगून काय व्हणार हाय? तुमच्या गावात सांगा. सगळ्यांम्होरं.”

ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं. सरपंच म्हणाले, जाऊ द्या गुरुजी, लई जुनं झालं. मागून कुणीतरी म्हणालं, वय झालं की असं होतं. मी नोंद घ्या म्हणून अडून बसलो, तेव्हा कार्यवृत्तात लिहिलं गेलं: ‘डोंगरावरील बांधांबाबत चर्चा झाली.’

म्हणून इथे लिहितो. त्या आठवड्यात, आणि त्याआधीचे दोन आठवडे, मी डोंगरावर गेलो नव्हतो. बांध ढिला झाल्याचं मला आधी सांगितलं गेलं होतं. वाडीतल्या कुणीही एकही दगड उचलला नव्हता. हा कागद दोन्ही गावांत आणि वाडीत वाचून दाखवा, असं मी कळवलं आहे. वाडीनं पुन्हा वर यावं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.