त्या हातची शाल

शेवंताबाईचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या स्टँडवर चहा पीत होतो. "सर गेलं..." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. सर म्हणजे दिगंबर, माझा शाळेपासूनचा दोस्त, पेशानं मास्तर. महिना झाला, अजून हाताला लागेल ते फेकून द्यावंसं वाटतं.

दिगूला शोधकथांचं भारी वेड. पुस्तक असो की सिनेमा, शेवटी गुन्हेगार उघडा पडला की गडी खूश. म्हणायचा, "लोकांना एकदा कळू दे रे, मग बघ." लई भाबडा! ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या एक डॉक्टर गरज नसताना काढतो, हे त्याला शेजारच्या शेवंताबाईनंच सांगितलं. तिचीही काढली होती. मग हा बाबा फटफटीवर गावोगाव हिंडला, एकेकीला बोलतं केलं. पण पोलिसांत साक्ष द्यायला कुणी तयार होईना. मग त्यानं लिहूनच काढायचं ठरवलं. "नावं बदला सर, न्हायतर आमी तोंड उघडणार न्हाय," बायका म्हणाल्या. त्यानं त्यांची नावं बदलली, गाव बदललं, मग डॉक्टरचंही बदलावं लागलं. कादंबरी झाली. शेवटच्या पानावर डॉक्टरला बेड्या पडल्या.

प्रकाशनाला सभागृह भरलं. आणि सत्काराला संयोजकांनी बोलावलं कुणाला? त्याच डॉक्टरला! स्टेजवर चढेपर्यंत दिगूला पत्ता नव्हता. डॉक्टरनं हसत त्याच्या अंगावर शाल घातली. माईकवर म्हणाला, "अशीही माणसं समाजात असतात! वाचून झोप उडाली माझी." टाळ्याच टाळ्या... दिगू नुसता हात जोडून उभा. मागच्या रांगेतली शेवंताबाई उठून निघून गेली.

पुढं तिच्या सुनेचंही तेच ऑपरेशन त्याच डॉक्टरच्या दवाखान्यात झालं. घरात तिचं कुणी ऐकलंच नाही. ती दिगूच्या दारात येऊन बसली. "सर, पुस्तकात तर त्यो जेलात गेला व्हता न्हवं?" त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही. सिनेमा लावला तरी अर्ध्यात बंद करायचा. "शेवट खोटा असतो रे," म्हणायचा. काय समजूत घालणार? खरंच होतं ते.

दहाव्याला त्याच्या घरी गेलो. शाल फळीवरच होती, प्लास्टिकच्या वेष्टनात, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. शेवंताबाई उंबऱ्याशी बसली होती. वहिनींनी शाल तिच्यापुढं धरली. "ने गं, थंडीला होईल."

शेवंताबाईनं अंग चोरलं. "नगं वैनी. त्यो हात एकदा लागलाय मला."

वहिनींनी शाल परत फळीवर ठेवली.