गंगाजळी

चिंचेने तांबं घासलं की तो आंबूस वास येतो आणि मुलुंडमधली ती संध्याकाळ आठवते. लग्न होऊन मी नुकतीच कोकणातून आले होते. खाली सोसायटीची मीटिंग चालली होती. "आता गंगाजळी काढायलाच लागणार," असं कुणीतरी म्हणालेलं जिन्यात ऐकू आलं. तळमजल्यावरचे आजोबा फार आजारी होते. मला वाटलं, त्यांची घटका भरली. देवघरातला, नुकताच चिंचेने घासलेला गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू घेऊन मी धावत खाली गेले. आजोबा समोरच खुर्चीत बसले होते. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी सोसायटीची शिल्लक काढायचं बोलणं चाललं होतं. सगळे हसले. आजोबा मात्र गडूकडे बघत राहिले. "अजून वेळ आहे गं, पोरी," ते हळूच म्हणाले. आजही बातम्यांत 'परकीय चलनाची गंगाजळी' असं आलं की मी टीव्हीचा आवाज कमी करते.