मनोहरभाऊचा वजनकाटा

आमच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं ओढलं की मासोळीसोबत काय काय वर येतं! चपला, बाटल्या, एकदा तर कोणाची तरी कवळी आली होती. किस्स्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी जमवत नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चार माणसं बसली, बिडी पेटली, की ओढले जातात.

माझ्या ताईचे किस्सेही तिथंच सांगतात. वनिताताई. यंदा भाताच्या रोवणीच्या दिवसांत गेली. अजून सांगतात आणि अजून हसतात. म्हणून म्हटलं, आता मीच सांगतो. मी नववीत शाळा सोडली, पण हे किस्से मला पाळीवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत!

*

सगळ्यात गाजलेला किस्सा काट्याचा.

मोहल्ल्याची मासोळी विकायचं काम मनोहरभाऊ करतात. पाळीवर त्यांचा मोठा वजनकाटा असायचा, लाल आकड्यांचा. ताई तेव्हा चांगली धडधाकट होती. मासोळीचं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन ब्रह्मपुरीच्या जीपपर्यंत एका दमात जायची. एकदा माल मोजून झाला आणि मनोहरभाऊ म्हणाले, "वनिता, चढ वो काट्यावर! कतल्याच्या भावात किती येते पाहू!"

सगळे हसले. ताईही हसली, चढली. मनोहरभाऊंनी आकडा पूर्ण पाळीला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. वर म्हणाले, "बाप्पा! एवढी मोठी मासोळी आपल्या तलावात आजवर निघाली नाई!"

इथं किस्सा संपतो. लोक टाळ्या देतात.

पुढचं कोणी सांगत नाही. आमच्या घरी रोहू मासोळीच्या डोक्यासाठी ताई आणि धाकटी बहीण काजल यांची रोज भांडणं. आई कढई उतरवून विचारायची, "डोकं कोणाचं?" आणि दोघी एकदम ओरडायच्या, "माहं!" त्या दिवशी आईनं विचारलं तेव्हा एकटी काजलच ओरडली.

*

ताई बारीक व्हायला लागली तेव्हा मोहल्ल्याला केवढा आनंद! जो तो थांबवून सांगायचा, "आता पोरगी दिसून राह्यली!" ताई भात ताटाच्या कडेला सारायची, जेवून आले म्हणायची, आणि बाहेर लोक शाबासकी द्यायचे. तिला चक्कर यायची, केस गळायचे, उन्हातही स्वेटर घालायची. तरी शाबासकी चालूच!

आमची आत्या तर मागंच लागली. "कोणतं औषध घेऊन राह्यली वो? मले पण सांग ना!"

ताई गेली त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं रडली ती आत्याच. मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "आत्या, औषध समजलं का आता?"

बाबांनी मला बाहेर काढलं. मी अजूनही म्हणेन!

*

ताई गेल्यावर एक मोबाईलवाला पत्रकार आला. माईक, त्यावर चॅनेलचं नाव, सोबत शूटिंग करणारा पोट्टा. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की इथं पोरगी उपाशी मेली.

"घरात धान्य होतं का, बाई?" त्यानं आईला विचारलं.

आई उठली आणि धान्याच्या ढोलीचं झाकण काढलं. आत तांदूळ, वरपर्यंत. चुलीच्या वर टांगून वाळत घातलेली मासोळी. परसात भाजी. पत्रकारानं ढोलीत पाहिलं. आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी विचारेल की मग पोरगी गेली कशानं.

तो पोट्ट्याला म्हणाला, "बंद कर बे कॅमेरा. इथी बातमी नाई."

*

मग काजल. ताईच्या तेरवीनंतर तिचंही ताट तसंच परत जायला लागलं. लोक म्हणाले, दुःखात आहे, होईल बरोबर. आई म्हणाली, मी हे एकदा पाहिलं आहे, आता परत नाही पाहणार. पण पाहणार नाही म्हणजे करायचं काय, हे कोणाला ठाऊक? आत्या म्हणाली, बाहेरची बाधा आहे, आरमोरीकडं एक भगत आहे.

भगतानं काजलभोवती लिंबू फिरवला, धूर केला आणि सांगितलं, "इचं तोंड बांधलं हाय. कोंबडा लागन."

कोंबडा दिला. तिथंच कापला, तिथंच शिजवला, भगत तिथंच जेवायला बसला. आम्ही समोर. काजलनं त्याचं जेवण शेवटपर्यंत पाहिलं आणि गाडीवर बसता बसता मला म्हणाली, "दादा, तोंड तर त्याचं सुटलं!"

कितीतरी दिवसांनी ती काही बोलली होती. मला हसू आलं आणि त्याच मिनिटाला इतका राग आला की मी परत जाऊन भगताची उरलेली हंडी लाथेनं पालथी केली.

*

शेवटी दवाखाना. मोठ्या शहरातला. मानसिकच्या डॉक्टर मॅडम होत्या, वयानं ताईएवढ्याच असतील. त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं, "हा आजार आहे. ही तिची जिद्द नाही, नखरा नाही. तुमची चूक नाही. वेळ लागेल, मधेच मागं जाईल, पण माणूस यातून बरं होतं."

आई म्हणाली, "आमची मोठी नाई झाली, मॅडम."

मॅडम मग म्हणाल्या, "तिला इथं कोणी आणलं नव्हतं, आई. हिला तुम्ही आणलंत."

काजलला भरती केलं. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ सगळं ऐकत होता. मला बाहेर म्हणतो, "खात नाई म्हणून भरती? दोन झापडा मारा, बराबर खाते!"

मी म्हणालो, झापडीनं काय होतं ते आधी तुझ्यावर पाहू. आणि पाहिलं! गार्डनं माझी कॉलर धरून गेटबाहेर काढलं आणि विचारलं, "भाऊ, खरं सांग, पेशंट कोण हाय?"

*

घरी सोडताना मॅडमनी सांगितलं, रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून जेवायचं. तिच्या ताटाकडं पाहायचं नाही, अंगाबद्दल बोलायचं नाही, जेवताना दुसऱ्या गोष्टी करायच्या. दर पंधरवड्याला दाखवायला आणायचं.

आमच्या घरात दुसऱ्या गोष्टी? बाबा दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस! पण मॅडमनी सांगितलं म्हणजे सांगितलं. पहिल्या दिवशी बाबांनी घसा साफ केला आणि जंगलात भेटलेल्या अस्वलाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तीच. सकाळी अस्वल, संध्याकाळी अस्वल. काजल रडत रडत घास गिळायची, आई जमिनीकडे पाहायची आणि बाबा अस्वलाला झाडावर चढवायचे.

एक दिवस काजलनं घास तोंडाजवळ थांबवला.

ती म्हणाली, "बाबा, काल अस्वल एका डोळ्यानं आंधळं होतं ना?"

बाबा म्हणाले, "हे त्याचा भाऊ हाय."

आणि तिनं घास खाल्ला!

*

आता वाटत होतं, गाडी लागली रस्त्याला. काजल माझ्यासोबत पाळीपर्यंत यायला लागली. तिथं मनोहरभाऊ. मनात वाईट नव्हतं, हे मला मान्य आहे. लाडानंच म्हणाले, "ये वो काजल! गाल भरले की तुह्ये! चढ काट्यावर, पाहू किती झाली!"

तोच काटा. तीच पाळ. तीच माणसं, तेच दात काढून हसणं.

काजल वळली आणि घरी गेली. त्या दिवशी अस्वलाचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई परत ढोलीजवळ जाऊन नुसती उभी राहायला लागली.

मी पाळीवर गेलो. काटा उचलला. मनोहरभाऊ ओरडले, "अबे पवन, काय करून राह्यला बे! महाग हाय तो!"

"माही ताई फुकट होती का?" मी म्हणालो आणि काटा तलावात फेकला. लाल आकडे पाण्यात बुडेपर्यंत दिसत होते.

*

आता शेवटचा. हा पाळीवर कोणी सांगत नाही, मीच सांगतो.

मोठं जाळं ओढायचा दिवस आला. आमच्यात जाळं ओढलं की आधी घरी खायची मासोळी वाटतात, उरलेली बाजारात जाते. मनोहरभाऊ काट्यावर मोजून द्यायचे. आता काटा तलावात! पोट्ट्यांनी बुड्या मारल्या, सापडला नाही. मग म्हातारे म्हणाले, जुन्या पद्धतीनं करा.

जुनी पद्धत अशी: जितकी घरं जाळ्याला, तितके वाटे गवतावर मांडायचे. एकानं वाट्यांकडं पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं ज्याचं नाव घेतलं, वाटा त्याचा. त्यावर कोणी तक्रार करायची नाही. केली तर पुढच्या वर्षी जाळ्याला हात लावायचा नाही.

"पाठमोरं कोण राहते?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

आईसोबत काजल आली होती. म्हणाली, "मी राहीन."

ती तलावाकडं तोंड करून उभी राहिली. बोट ठेवायला मनोहरभाऊ.

"हा कोणाचा?" नाव आलं. "हा कोणाचा?" नाव आलं. आमच्या बाबांचंही आलं. वाटे उचलले जात होते. शेवटी एक राहिला, चांगला मोठा रोहू होता त्यात. आणि घर एकच राहिलं होतं, मनोहरभाऊंचं. ते हसतच वाकले, "आता काय विचारा लागते! हा कोणाचा?"

काजल म्हणाली, "वनिताताईचा."

मनोहरभाऊंचं बोट वाट्यावर तसंच.

"मंग माहा कोणता वो?" त्यांनी विचारलं. आवाज एवढासा.

काजलनं मान वळवली नाही. तलावाकडं पाहतच बोलली, "तुमचा काट्यावर पाहा ना, भाऊ."

म्हाताऱ्यांनी मनोहरभाऊंकडं पाहिलं. भाऊंनी बोट काढलं. खाली बसले, रोहू स्वतः उचलून आईच्या टोपल्यात ठेवला आणि बाजूला झाले.

घरी आईनं तो शिजवला. ताटं मांडली. बाबांनी अस्वलासाठी घसा साफ केला. आईनं कढई उतरवली, डाव हातात घेतला आणि इतक्या महिन्यांनी, सवयीनंच असेल, तिच्या तोंडून निघून गेलं, "डोकं कोणाचं?"

बाबा थांबले.

काजल बसल्या जागी वळली, कढईकडं पाठ केली.

"माहं," ती म्हणाली.