पांदणीवरून टिपलेला तेजोमेघ

उद्धव अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर. मी कापसाच्या जिनिंगमधला निवृत्त फिटर. त्याच्या दुर्बिणीचा लोखंडी स्टँड मी केला, तेव्हापासूनची ओळख.

मृगाच्या पूर्वेला गुलाबासारखा एक तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाच-पाच मिनिटांचे साठ फोटो एकावर एक रचले की लाल पाकळ्या उमटतात. दोन हिवाळ्यांत त्याचे चाळीस झाले होते. पण उद्धवला काचबिंदू. डावा डोळा गेला, उजव्याची नजरही आक्रसत चाललेली. पुढच्या हिवाळ्याचा भरवसा नव्हता. उरलेले वीस याच अमावास्येला हवे होते.

पातूरजवळ केशवरावांच्या हरभऱ्यात स्टँड लावला. पाणसळ धरून तिन्ही पाय मी स्वतः बसवले. चार फोटो चांगले आले. पाचव्यात चांदण्या लांबट.

"वारा असन," उद्धव म्हणाला. आवाज कोरडा.

सहावा आणखी वाईट. मी जमिनीला हात लावला. ओल. तेवढ्यात केशवराव बॅटरी घेऊन आले.

"बॅटरी बंद करा!" उद्धव ओरडला.

"केली ना बापा. या हप्त्यात रातची लाइन हाय. दहाले आली, मोटर चालू केली. काहून, का झालं?"

भेगांतून पाणी आलं होतं आणि एक पाय रुतला होता. चूक माझी. जन्मभर मशीन बसवली, आणि पाया कोरडा राहील का, हे विचारलं नाही.

"बंद करू काय मोटर?"

"नको," उद्धव म्हणाला. "हरभरा घाट्यावर हाय. दाणा भरासाठी पाणी लागते त्याले."

स्टँड उचलून शेताकडेच्या मुरमाच्या पांदणीवर, कोरड्या गाडीवाटेवर नेला. आता स्टँडवरच्या बारक्या नळीत ध्रुवतारा पुन्हा धरायचा, नाहीतर आकाश फिरतं तशा चांदण्या लांबट येतात. उद्धव नळीला डोळा लावून बसला. दहा मिनिटं गेली. तेजोमेघ पश्चिमेला उतरत होता. एरवी तो मला त्या नळीला शिवू देत नसे. म्हणायचा, "तुमचा हात पान्याचा, भाऊ."

तो बाजूला झाला. "मले सापडून नाही राहिला. तुमी पाहा."

तो सांगेल तेवढाच स्क्रू फिरवत मी तारा धरला. मग प्रत्येक फोटोनंतर तो कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे करी.

"गोल हाय चांदण्या?"

"गोल."

पंधराव्याला मी म्हणालो, "लांबट."

"खोटं सांगतलं असतं तरी मले कळलं नसतं, भाऊ."

"म्हणूनच."

तो फोटो त्याने पुसला आणि पुन्हा घेतला. विसावा संपला तेव्हा तेजोमेघ डोंगराला टेकत आला होता.

"गोल?"

मी दोनदा पाहिलं.

"गोल."