पॉइंट सदतीस

ताईने आयुष्यातली आठ वर्षं बर्फावर घालवली, आणि त्या आठ वर्षांत तिने पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे वडिलांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या डीप फ्रीझरच्या भिंतीवरचा थर. ध्रुवावर जायची तिच्यावर वेळच आली नाही. तिचा ध्रुव विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर होता, एका बिनखिडकीच्या खोलीत, तीन कपाटांएवढ्या संगणकयंत्रांत. ती यंत्रं इतकी तापायची की त्यांना गार ठेवायला दोन एसी अखंड घुरघुरत असत. बर्फ कसा वितळतो हे समजून घ्यायला एवढी उष्णता लागते, हा विनोद ताई पाहुण्यांना हौसेने सांगायची. पाहुणे हसत नसत. त्यांना फक्त पीएचडी कधी संपणार एवढंच हवं असे.

आई लोकांना सांगायची, "ती बर्फात आहे." लोकांना वाटायचं, बर्फाच्या कारखान्यात आहे. खुलासा करायचं आईने केव्हाच सोडून दिलं होतं. ती स्वतः मात्र दर रविवारी पानं वाढता वाढता न चुकता विचारायची, "झालं का गं?" आणि ताई म्हणायची, "होत आलंय." हे उत्तरही आता पाच वर्षांचं झालं होतं.

काम असं होतं. ध्रुवाच्या किनाऱ्याला बर्फाची एक प्रचंड लादी असते, एका बाजूने जमिनीला धरलेली आणि बाकी सगळी समुद्रावर तरंगणारी. मागच्या डोंगरांवरचा बर्फ समुद्रात घसरायला बघत असतो, त्याला ही लादी दाराला पाठ लावून बसलेल्या माणसासारखी अडवून धरते. खालचं पाणी तापलं की लादी खालून झिजते. पुढच्या शंभर वर्षांत ती टिकेल की तुटेल, याचं गणित यंत्राकडून करून घ्यायचं, हा ताईच्या प्रबंधाचा विषय. उत्तर आलेलं होतं: झिजेल, पण टिकेल. तिच्या मार्गदर्शक सरांच्या हाताखालून गेलेल्या आधीच्या तिघांचंही उत्तर हेच होतं. चौदा वर्षं सर देशोदेशीच्या सभांमध्ये हेच सांगत होते, आणि त्यांना बोलावणी कधी कमी पडली नव्हती. वाईट बातमी सांगणारे पुष्कळ होते. सरांसारखी बेताची बातमी सांगणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. नियम आठ वर्षांचा, त्यानंतर नोंदणी रद्द, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. ताई शेवटच्या तक्त्याशी येऊन पोहोचली होती. गणितात वापरलेला प्रत्येक आकडा कुठून घेतला, हे त्या तक्त्यात लिहायचं असतं. आकडे बावीस होते. एकवीस जणांचा बाप सापडला. बाविसावा होता पॉइंट सदतीस. पाण्यातली ऊब बर्फात किती शिरते, ते हा आकडा ठरवायचा. तो तिने तिच्या आधीच्या मुलाच्या प्रबंधातून घेतला होता. त्याने त्याच्या आधीच्या मुलीच्या. तिने सरांच्या पहिल्या विद्यार्थ्याच्या, ज्याला प्रयोगशाळेत सगळे अजूनही आदराने "थोरले" म्हणत. आणि थोरल्यांच्या प्रबंधात त्या आकड्यापुढे लिहिलं होतं, "अनुभवावरून."

थोरले आता एका विमा कंपनीत होते. माणसं किती वर्षं टिकतील, याचं गणित करत. ताईने फोन लावला.

"पॉइंट सदतीस?" शाळेतला जुना सोबती भेटल्यासारखे ते खूश झाले. "अजून चालतोय का तो?"

"कुठून आला हो तो, दादा?"

"कुठून म्हणजे? शुक्रवार होता. सोमवारी सरांना परिषदेला जायचं होतं. पॉइंट साठ घातला की यंत्र मध्येच बंद पडायचं. पन्नास घातला, बंद. चाळीस घातला, तरी बंद. सदतीसला शंभर वर्षं सुरळीत चाललं. मग मी घरी गेलो."

"आणि नंतर?"

"नंतर काय! सरांचं भाषण फार छान झालं."

"पण नंतर कोणी तपासलंच नाही?"

"तू आठ वर्षं वापरलास ना? तू तपासलास?"

ताईने फोन ठेवला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं आणि मारणाऱ्याचा दोष नव्हता.

दुपारी ती वडिलांच्या दुकानात गेली. घरी आईचा प्रश्न होता, इथे नव्हता. वडील एका फ्रिजच्या पाठीमागे मांडी घालून बसले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं, अपराधी चेहऱ्याने.

"फ्यूज सारखा उडायचा म्हणून यांनी जाड तार घातली," वडील तिला म्हणाले, जणू गिऱ्हाईक तिथे नव्हतंच. "उडायचा थांबला. कॉम्प्रेसर जळला."

"पण फ्यूज उडत होता, त्याला काय करणार?" गिऱ्हाईकाने चाचरत विचारलं.

"का उडतोय ते बघणार! तो बिचारा ओरडून सांगतोय आणि तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत."

ताई आली तशी परत गेली. वडील मागून विचारत राहिले, "अगं, आलीस कशाला होतीस?"

तिने पॉइंट साठ घातला. दुसऱ्या एका देशाच्या लोकांनी खऱ्या लादीला भोकं पाडून, खाली मोजमापाचं उपकरण सोडून मोजलेला आकडा साधारण तेवढाच होता. तो छापून येऊनही नऊ वर्षं झाली होती. त्या रात्रीच यंत्र नेमाप्रमाणे बंद पडलं. एरवी अशा वेळी सगळे "बंद पडलं रे" म्हणून हळहळत आणि आकडा थोडा खाली आणत. या खेपेला ताईने बंद पडण्याआधीची पानं काढली आणि वाचत बसली. लादीच्या मधोमध एका जागी जाडी होती चाळीस मीटर. मग बारा. मग दोन. मग शून्य. पुढच्या पायरीला यंत्राला त्या जाडीने भागायचं होतं. शून्याने भागता येत नाही, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. यंत्राने तेवढंच सांगितलं होतं आणि ते थांबलं होतं.

यंत्र बिघडलेलं नव्हतंच. लादी तुटली होती. चौदा वर्षं ती तुटत होती आणि चौदा वर्षं ही हुशार माणसं यंत्राला शिव्या देत होती.

ताईला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी सापडलं होतं. मग भीती वाटली, कारण जे सापडलं होतं त्याने तिचाच प्रबंध उलटा होत होता.

सरांनी सदतीसचा आणि साठचा असे दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"हे 'पुढील संशोधनाची दिशा' या प्रकरणात घाल," ते म्हणाले. "दोन ओळी पुरेत."

"सर, मग आधीची दोनशे पानं कसली?"

"आधीच्या पानांवर माझंही नाव आहे, बाई." आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "आणि मुदत तुझी संपतेय, माझी नाही. विचार कर."

विचार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ताईने फार विचार केला. दोन ओळी लिहिल्या असत्या तर रविवारी आईला "झालं" म्हणता आलं असतं. त्या तिने लिहून पाहिल्या. अक्षर चांगलं आलं होतं. मग खोडल्या आणि ती तळमजल्यावर मुदतवाढीच्या खिडकीशी गेली.

"कारण?" कारकुनाने विचारलं.

"लादी तुटली."

"कसली लादी?"

"बर्फाची."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हे बघा मॅडम, मुदतवाढीला तीनच कारणं चालतात. आजारपण, बाळंतपण आणि मार्गदर्शकाचा मृत्यू. तुमच्याकडे यातलं काय झालंय?"

"अजून तरी काही नाही."

"मग खाली 'इतर' म्हणून रकाना आहे. तो मार्गदर्शकाने स्वतः भरायचा आणि स्वतः आणून द्यायचा. सतरा वर्षांत एकही सर या खिडकीवर आलेले मी पाहिले नाहीत."

ताईने कोरा अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला, त्यावर दोन्ही आलेख ठेवले आणि बाहेर आली. दोन दिवस सरांनी निरोप पाठवला नाही. तिसरा दिवस अर्ज द्यायचा शेवटचा होता. खिडकी पाचला बंद व्हायची. साडेचारला ताई समोरच्या बाकावर बसून राहिली. काही होईल म्हणून नव्हे, घरी जायला पाय उचलत नव्हते म्हणून.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना सर जिना उतरून आले. रांगेत दोन मुलं होती, त्यांच्या मागे उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा कारकून उठून उभाच राहिला. अर्ज त्याने एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि सवयीने मोठ्याने म्हणाला, "इतर कारण: मार्गदर्शकाची चूक."

"बरोबर वाचलंत," सर म्हणाले. "सही खाली आहे."

कारकुनाने एक वर्षाचा शिक्का मारला. ताईला रडू आलं आणि तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. सरांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. जिन्याकडे वळताना त्यांनी विचारलं, "लादी कितव्या वर्षी तुटते म्हणालीस?"

"एकसष्टाव्या."

"आणि आपल्या आकड्याने?"

"कधीच नाही, सर."

सर एक पायरी चढले आणि कठड्याला धरून थांबले.

"चौदा वर्षं मी हेच सांगत फिरलो," ते म्हणाले. "आणि ऐकून लोकांना किती बरं वाटायचं."